जाणतं होण्याची गोष्ट (मराठवाड्यातलं साहित्य)

घर, शाळा, भूक, गावातली माणसं यातून जात जात लेकरू जाणतं कसं होतं हे सांगणारं लेखन. समीक्षक लोक याला बिल्डुंग्सरोमान असा जर्मन शब्द वापरतात आणि गटे या जर्मन लेखकाच्या 'विल्हेल्म माइस्टर' कादंबरीपासून (१७९५-९६) सुरुवात धरतात, पण तो नायक व्यापाऱ्याचा पोरगा, नाटकाच्या नादानं घर सोडणारा. मराठवाड्यात घर सुटतं ते पुढच्या शाळेसाठी नाहीतर दुष्काळामुळं, आणि अशी पुस्तकं इथं कादंबरीपेक्षा आत्मकथनातच जास्त सापडतात.

अशा गोष्टीत आशा असतेच, पण आशा हा शब्द इथं बोलण्यात फार येत नाही, उमेद म्हणतात, नाहीतर नुसतं "बघू, निघंल काहीतरी". ती उमेदही जवळचीच असते, म्हणजे फी भरायची सोय होईल, यंदा तरी पाऊस पडंल, एवढीच.

लातूरजवळच्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' (१९८७, साहित्य अकादमी पुरस्कार १९८८) अशा आत्मकथनाचं ठळक उदाहरण. चोरीचा शिक्का बसलेल्या जमातीतलं पोरगं शाळेत जायला लागतं, त्याच सुमारास वस्तीत लेकरांना हगवण-उलट्या सुरू होतात आणि लोक म्हणतात की हा शाळेत जातो म्हणूनच आमची लेकरं आजारी पडायलीत. शाळेनं आयुष्य बदललं असं आपण भाषणात सहज बोलून जातो, पण इथं पाटी हातात घेतल्याचाच आळ येतो, आणि मला तरी पुस्तकातली सगळ्यात खरी जागा हीच वाटते. प्र. ई. सोनकांबळे यांचं 'आठवणींचे पक्षी' (१९७९) त्याच्या आधीचं, आईबाप गेलेलं पोर बहिणीच्या आधारानं वाढतं, उपाशी राहून शिकतं, आणि हे सगळं सांगताना लेखक आवाज अजिबात चढवत नाही.

या गोष्टी एवढ्या उशिरा का आल्या तर निजामाच्या राज्यात वरचं शिक्षण उर्दूत, ते राज्य १९४८ ला गेलं, १९५० ला बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं औरंगाबादेत कॉलेज काढलं (पुढं मिलिंद), १९५८ ला विद्यापीठ आलं. पोरं शिकून, नोकरीला लागून मग लिहायला बसली, त्यात वीसेक वर्षं गेलीच.

हॉस्टेल किंवा भाड्याची खोली हा या वयाचा ठरलेला मुक्काम. गावाकडून एसटीनं डबा येतो, झाकणावर ऑइलपेंटनं नाव, आत भाकरी, ठेचा, कधी पिठलं. पोरगं स्टँडवर उभं राहून गाडीची पाटी वाचत असतं, गाडी आलीच नाही तर रात्री पाणी पिऊन झोपायचं. आईनं भाकरी चारच्या जागी तीन घातल्या की पोराला गावाकडचं सगळं कळतं, पत्र लागत नाही.

सगळीकडं उमेद टिकतेच असं नाही. रा. रं. बोराडे यांच्या 'पाचोळा' या कादंबरीत (१९७१) शिंप्याच्या घराची वाताहत त्याची बायकोच बोलीत सांगते.

मुलींची गोष्ट या लेखनात फारच तोकडी आहे. बीडकडं दिवाळीच्या सुमारास आईबाप ऊसतोडीला निघतात, नवराबायको मिळून एक कोयता मोजतात, आणि बारा-तेरा वर्षांची पोरगी फडावर किंवा गावात धाकट्यांना सांभाळत राहते, शाळेचं वर्ष तिथंच मोडतं. पोरगा जाणता झाला म्हणतात, तिच्याबद्दल फक्त "पदर आला" एवढंच, आणि लगेच स्थळं बघायला सुरुवात.