बॉन्ड आणि नोटीस पिरियड: सही करण्यापूर्वी वेगवेगळी वाचायची दोन कलमे

कॅम्पस इंटरव्ह्यूमधून निवड झालेल्या मुलामुलींच्या हाती नियुक्तीपत्र पडते, तेव्हा नजर आधी पगाराच्या आकड्यावर जाते आणि मागच्या पानांवरची कलमे बहुधा घाईत उलटली जातात. त्याच पानांवर दोन तरतुदी पुष्कळदा शेजारी शेजारी असतात: एक नोटीस पिरियडची आणि दुसरी सेवाबंधाची, म्हणजे सगळे ज्याला बॉन्ड म्हणतात त्याची. मध्येच नोकरी सोडली तर पैसे भरावे लागतील, एवढाच अर्थ दोन्हींतून हाती लागतो. त्यामुळे तीन महिन्यांची नोटीस दिली की बॉन्डमधून सुटका होते, किंवा बॉन्डची रक्कम भरली की नोटीस देण्याची गरज उरत नाही, असे अनेकजण धरून चालतात. हे दोन्ही समज चुकीचे आहेत आणि ते महागात पडतात.

नोटीस पिरियड हा नोकरी संपवण्याचा ठरलेला रस्ता आहे. तो पहिल्या वर्षीही लागू असतो आणि दहाव्या वर्षीही, आणि नीट लिहिलेल्या करारात तो दोन्ही बाजूंना सारखाच बांधतो: तुम्हाला जायचे असेल तर तुम्ही तितक्या दिवसांची पूर्वसूचना द्यायची, आणि कंपनीला तुम्हाला कमी करायचे असेल तर कंपनीने ती द्यायची किंवा तेवढ्या दिवसांचा पगार मोजायचा. बॉन्डचे तसे नाही. तो फक्त कर्मचाऱ्याला बांधतो, एका ठरावीक तारखेपर्यंतच बांधतो, आणि त्यातली रक्कम नोटीसच्या न भरलेल्या दिवसांच्या पगाराची नसून कंपनीने भरतीवर आणि प्रशिक्षणावर केलेल्या खर्चाच्या भरपाईची असते. म्हणूनच मुदतीआधी, नोटीस न देता निघून गेलेल्या माणसाकडून दोन्ही रकमा मागितल्या जाऊ शकतात.

कायद्याच्या दृष्टीने बॉन्ड मुळातच बेकायदेशीर असतो, हे सर्रास ऐकू येणारे वाक्य खरे नाही. भारतीय करार कायदा, 1872 याच्या कलम 27 नुसार एखाद्याला त्याचा व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार रद्दबातल ठरतो, हे खरे. पण नोकरी चालू असतानाच्या काळातले बंधन सर्वसाधारणपणे या कलमात बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्येच स्पष्ट केले. ते प्रकरण कल्याणच्या सेंच्युरी रेयॉन कारखान्यातल्या एका शिफ्ट सुपरवायझरचे होते. पाच वर्षांचा करार असताना तो मध्येच सोडून राजस्थानातल्या कोटा इथल्या प्रतिस्पर्धी कंपनीत गेला, आणि कराराची मुदत संपेपर्यंत त्याने दुसरीकडे तसलेच काम करू नये, हा मनाई हुकूम कायम राहिला. मे 2025 मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात न्यायालयाने हाच विचार पुढे नेला. तीन वर्षे सेवा करावी, नाहीतर दोन लाख रुपये भरावेत, ही बँकेची अट कर्नाटक उच्च न्यायालयाने रद्द केली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. त्या कर्मचाऱ्याचे पद आणि वेतन पाहता रक्कम अवाजवी नव्हती, आणि सार्वजनिक बँकेला नव्याने भरती करायची तर खुली व खर्चिक प्रक्रिया राबवावी लागते, हे त्यामागचे कारण होते. खासगी कंपनीच्या कोणत्याही बॉन्डला या निकालाने सरसकट मान्यता मिळाली, असे मात्र मी मानत नाही. करार कायद्याचे कलम 74 जागेवरच आहे: करारात लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, आणि न्यायालय तिच्या आत राहून वाजवी भरपाईच देते. शिवाय बॉन्ड कितीही कडक असला, स्टँप पेपरवर असला, तरी कोणालाही इच्छेविरुद्ध कामावर राहण्याचा आदेश न्यायालय देत नाही.

आता प्रत्यक्ष आकडे पाहू. समजा, एकूण मासिक पगार 40,000 रुपये, त्यातला मूळ पगार 16,000, नोटीस तीन महिन्यांची, आणि बॉन्ड 24 महिन्यांसाठी दोन लाखांचा. 18 महिन्यांनी, नोटीस न देता नोकरी सोडली, तर नोटीसपोटीची वसुली एकूण पगारावर धरल्यास 1,20,000 होते आणि मूळ पगारावर धरल्यास 48,000. बॉन्डची रक्कम सेवेच्या प्रमाणात घटत असेल तर 50,000 द्यावे लागतात, घटत नसेल तर पूर्ण दोन लाख. म्हणजे करारातल्या दोन ओळी कशा लिहिल्या आहेत, यावर एकूण मागणी 98,000 होणार की 3,20,000, हे ठरते.

म्हणून वाटाघाट करताना दोन्ही कलमांसाठी वेगवेगळ्या मागण्या कराव्यात. नोटीसच्या बाबतीत मुदत दोन्ही बाजूंना समान आहे का, प्रोबेशनमध्ये ती कमी आहे का, शिल्लक रजा तीत वळती करता येते का, आणि पैसे भरून लवकर मोकळे होण्याचा पर्याय कर्मचाऱ्याच्या हाती आहे की केवळ कंपनीच्या मर्जीवर, हे विचारावे. नवी नोकरी लवकर रुजू व्हायला सांगते तेव्हा या शेवटच्या मुद्द्यावरच सारे अडते. बॉन्डच्या बाबतीत मुदत रुजू झाल्याच्या दिवसापासून मोजायची की प्रशिक्षण संपल्यापासून, कोणत्या प्रशिक्षणापोटी किती खर्च धरला आहे, आणि कंपनीनेच कामावरून कमी केले तर बॉन्ड आपोआप संपतो का, हे लेखी मागावे. नव्या उमेदवाराला बॉन्ड काढून टाकणे सहसा जमत नाही, पण रक्कम दरमहा घटती करून घेणे पुष्कळदा जमते. मूळ गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र तारण म्हणून कंपनीकडे ठेवण्याची अट मात्र कधीही मान्य करू नये. पडताळणीसाठी मूळ प्रती दाखवाव्यात, छायांकित प्रती द्याव्यात.

दोन्ही कलमे एकमेकांना भिडतात ती जागा करारात बहुधा मोकळीच सोडलेली असते. बॉन्ड 31 डिसेंबरला संपत असेल तर राजीनामा 1 ऑक्टोबरला देऊन नोटीसचा काळ बॉन्डच्या मुदतीतच पुरा करता येईल का, की राजीनामाच 1 जानेवारीनंतर द्यावा लागेल? हा तीन महिन्यांचा फरक आहे. एचआरने तोंडी होकार दिला तर त्याच दिवशी ईमेल पाठवून तो नोंदवून घ्यावा, आणि शक्य असेल तर करारातच एक वाक्य वाढवून घ्यावे.

राहता राहिला जीएसटी. फुल अँड फायनलच्या, म्हणजे नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशेबात नोटीसच्या वसुलीवर 18 टक्के जीएसटी लावलेला दिसला, तर तो मुकाट्याने भरू नये. नोटीसपोटी किंवा बॉन्डपोटी वसूल केलेल्या रकमेवर हा कर लागत नाही, असा खुलासा केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात केला आहे, आणि तो दाखवून हिशेब दुरुस्त करून मागता येतो.