मॅकार्थर कुटुंब

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स वसाहतीत मेरिनो मेंढ्यांच्या पैदाशीचा पाया घालणारे कुटुंब. जॉन मॅकार्थर (१७६७–१८३४) व एलिझाबेथ (१७६६–१८५०) हे दांपत्य इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातले. लष्करी अधिकारी म्हणून जॉनची नेमणूक सिडनीला झाली आणि जून १७९० मध्ये दोघे तिथे उतरले. सोबत लहानगा एडवर्ड होता. प्रवासात जन्मलेली मुलगी वाटेतच दगावली.

१७९३ मध्ये सिडनीच्या पश्चिमेला पॅरामाटाजवळ मिळालेल्या १०० एकरांना जॉनने पत्नीचे नाव दिले : एलिझाबेथ फार्म. सुरुवातीचा कळप साधाच होता. कलकत्त्याहून आलेल्या मेंढ्यांच्या अंगावर राठ केस असत. त्यांचा आयरिश मेंढ्यांशी संकर केल्यावर कोकरांच्या अंगावर केसांबरोबर लोकरही दिसू लागली. १७९७ मध्ये केप ऑफ गुड होपहून स्पॅनिश मेरिनो आल्या आणि खरी बारीक लोकर हाती लागली.

जॉन कमालीचा भांडखोर. १८०१ मध्ये वरिष्ठाशी द्वंद्वयुद्ध करून त्याला जखमी केल्याबद्दल त्याची इंग्लंडला रवानगी झाली. ही शिक्षा त्याच्या पथ्यावरच पडली : लोकरीचे नमुने दाखवून त्याने सरकारचे मन वळवले, राजाच्या कळपातल्या मेरिनो विकत घेतल्या आणि ५,००० एकर जमिनीचा हुकूम घेऊन तो १८०५ मध्ये परतला. ही जमीन म्हणजे कॅम्डेन. १८०८ च्या गव्हर्नर ब्लायविरुद्धच्या बंडातही तो पुढे होता. परिणामी १८०९ ते १८१७ ही वर्षे त्याला पुन्हा इंग्लंडमध्ये काढावी लागली.

या दोन्ही काळांत कारभार एलिझाबेथकडे होता. एडक्यांची निवड, हद्दपार कैद्यांमधून मिळालेले मेंढके, लोकरीची धुलाई, कातरणी, हिशेब हे सगळे पाहून ती पतीला पत्राने कळवी. मुलेही तीच वाढवत होती. वसाहतीच्या लोकरधंद्याचे श्रेय बराच काळ एकट्या जॉनला मिळाले. कळप ज्या वर्षांत वाढला त्यांतली बरीचशी वर्षे तो तिथे नव्हताच.

ही कुरणे मोकळी पडलेली नव्हती. पॅरामाटाच्या परिसरात दारुग, तर कॅम्डेनकडे धारावल हे मूळनिवासी लोक राहत. १८१४–१६ मध्ये संघर्ष चिघळला, त्यात मॅकार्थरांचे मेंढकेही मारले गेले. एप्रिल १८१६ मध्ये सैनिकांनी ॲपिन येथे धारावल स्त्री-पुरुष व मुलांची कत्तल केली.

१८३२ मध्ये जॉनला वेडा ठरवण्यात आले व दोन वर्षांनी कॅम्डेनला तो वारला. तिथला व्याप जेम्स व विल्यम या मुलांनी पुढे चालवला. १९६६ मध्ये निघालेल्या ऑस्ट्रेलियन दोन डॉलरच्या नोटेवर जॉनचे आणि मेरिनो एडक्याचे चित्र होते. एलिझाबेथ फार्मचे घर आता संग्रहालय आहे.