राजभवन बंकर, मुंबई

मुंबईतील मलबार टेकडीच्या दक्षिण टोकाला, राजभवनाच्या आवारात जमिनीखाली असलेले ब्रिटिशकालीन लष्करी कोठार. १३ खोल्यांची आणि ५,००० चौरस फुटांहून अधिक क्षेत्रफळाची ही वास्तू अनेक दशके भिंत घालून बंद होती व ऑगस्ट २०१६ मध्ये ती पुन्हा उघडली गेली. ‘बंकर’ हे नाव आता रूढ झाले असले, तरी बंकर म्हटले की आसऱ्याची जागा डोळ्यांपुढे येते. येथील खोल्यांची नावे आणि मांडणी पाहता हे तोफखान्याचे दारूगोळा कोठार होते, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

तीन बाजूंनी समुद्राने वेढलेल्या मलबार पॉइंटवरून मुंबईकडे येणाऱ्या जहाजांवर नजर ठेवता येते. १८८५ पासून मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरचे कायम निवासस्थान येथे आले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंदराच्या रक्षणासाठी किनाऱ्यावर आणि बंदरातील खडकांवर तोफांचे मोर्चे उभारले गेले, त्यांपैकी एक येथे होता. अशा मोर्चात तोफा वर, समुद्राकडे तोंड करून असत आणि त्यांना लागणारा सारा माल शत्रूच्या गोळ्यांपासून सुरक्षित राहावा म्हणून जमिनीखाली ठेवला जाई.

राजभवनाच्या आवारात एक भुयार असून ते पूर्वीच बुजवले आहे, असे जुनी माणसे सांगत. ही गोष्ट तत्कालीन राज्यपाल चे. विद्यासागर राव यांच्या कानावर आली आणि त्यांनी शोध घ्यावयास सांगितले. १२ ऑगस्ट २०१६ रोजी सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कामगारांनी पूर्वेकडील प्रवेशावर घातलेली भिंत पाडली, तेव्हा आत केवळ भुयार नसून दुतर्फा खोल्या असलेले मार्ग आहेत, असे दिसून आले. पश्चिमेच्या बाजूला सुमारे २० फूट उंचीचा दरवाजा व उतरता मार्ग आहे. सांडपाण्याचा निचरा आणि हवा-उजेड आत येण्याची सोय बांधकामातच केलेली आहे.

या वास्तूचा सर्वांत बोलका भाग म्हणजे खोल्यांवर इंग्रजीत लिहिलेली नावे : शेल स्टोअर, गन शेल, कार्ट्रिज स्टोअर, शेल लिफ्ट, पंप, वर्कशॉप. ती एकापुढे एक वाचत गेले की येथील कामाची रीत उलगडते. गोळे एका ठिकाणी आणि ते डागण्यासाठी लागणारी, पिशव्यांत भरलेली दारू दुसऱ्या ठिकाणी, ही विभागणी त्या काळच्या कोठारांचा मूळ नियम होता. जड गोळे उच्चालकाने (लिफ्टने) वर तोफेपर्यंत चढवले जात. मार्गातील भिंतींत दिव्यांसाठी कोनाडे ठेवलेले आहेत. ते पाहताना क्षणभर थांबावे, कारण या कोठाराची खरी अडचण तेथेच समजते. विजेच्या आधीच्या काळात जमिनीखाली उजेड म्हणजे ज्योत, आणि ज्योत व दारू एकत्र येता कामा नयेत. म्हणून अशा कोठारांत दिवा सहसा भिंतीतल्या कोनाड्यात काचेआड ठेवत आणि उजेड तेवढा खोलीत येऊ देत.

तोफांचाही माग पुढे लागला. २०१८ मध्ये राजभवनाच्या टेकडीच्या पायथ्याशी प्रत्येकी सुमारे २२ टन वजनाच्या दोन तोफा पडलेल्या आढळल्या. त्या क्रेनने उचलून आवारात मांडण्यात आल्या. एवढ्या वजनाची तोफ शेजारी पाहिली म्हणजे कोठारात उच्चालकाची गरज का होती, हे वेगळे सांगावे लागत नाही.

डागडुजी व मजबुतीकरणानंतर येथे संग्रहालय करण्यात आले आणि ऑगस्ट २०१९ मध्ये राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले. १४ जून २०२२ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी बंकरमधील ‘क्रांतिगाथा’ या क्रांतिकारकांच्या दालनाचे उद्‌घाटन केले. वासुदेव बळवंत फडके, चापेकर बंधू, सावरकर बंधू, मादाम कामा, वासुदेव बळवंत गोगटे यांच्यासह १९४६ च्या नाविकांच्या उठावाचे स्मरण येथे केलेले आहे. ही जागा त्यासाठी अतिशय समर्पक आहे. चापेकरांनी २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली, ती पुण्याच्या गणेशखिंडीतील गव्हर्नरच्या बंगल्यावरचा समारंभ आटोपून तो परतत असताना. आणि गोगटे यांनी २२ जुलै १९३१ रोजी फर्ग्युसन महाविद्यालयात हंगामी गव्हर्नर हॉटसनवरच पिस्तूल रोखले. ज्या सत्तेच्या रक्षणासाठी ही कोठारे खोदली गेली, तिच्याशी झुंजलेल्यांची चित्रे आता गव्हर्नरांच्याच जुन्या आवाराखाली लागली आहेत.

दालनामुळे वास्तूकडे लोकांचे पाय वळले, हे खरेच. तथापि खोल्यांवरची नावे, दिव्यांचे कोनाडे, उच्चालकाची जागा आणि निचऱ्याची व्यवस्था हासुद्धा इतिहासाचा पुरावा आहे. चित्रफलक व प्रकाशयोजना यांच्या मांडणीत तो झाकला न जाणे आवश्यक आहे. मुंबईच्या किनारी तोफखान्याची अशी आतून पाहता येणारी वास्तू सामान्य माणसाच्या वाट्याला क्वचितच येते.