लेथच्या हँडलपासून ऑफसेटच्या पानापर्यंत

सीएनसी मशीन (कॉम्प्युटरच्या हुकमानं धातू कापणारं यंत्र) जॉब, म्हणजे कापला जाणारा भाग, मोजत नाही. वर्कशॉपबाहेरच्या माणसाला हे पटत नाही, आणि आतला म्हणतो, त्यात नवीन काय सांगितलंत? मशीनला कळते ती तिच्या स्लाइडची, म्हणजे टूल धरून सरकणाऱ्या भागाची, जागा. स्लाइड सरकवणारा बॉल स्क्रू किती फिरला याची खबर एन्कोडर नावाचा सेन्सर देतो, त्यावरून कंट्रोलर ठरवतो की टूल अमुक ठिकाणी पोचलं. टूलची धार झिजली, लांब जॉब कटच्या दाबानं किंचित वाकला किंवा जॉब फिरवणारा स्पिंडल तापला, तरी स्क्रीनवरचा आकडा तसाच असतो. बदलतो तो जॉबचा व्यास. तो बदल पकडायला कोणीतरी मायक्रोमीटर हे बारीक मापाचं साधन लावतो.

‘हाताचं काम की कॉम्प्युटरचं’ हा वाद आयटीआयच्या वर्गापासून भोसरीच्या चहाच्या टपरीपर्यंत सगळीकडे चालतो. त्यात कापणं आणि मोजणं या दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. दोन्हींचा इतिहास एकमेकांत गुंतलेला आहे, पण त्या एका वेगानं पुढे गेल्या नाहीत.

अचूकपणाची आधुनिक गोष्ट साधारणपणे जेम्स वॅटच्या इंजिनापासून सांगतात. इंजिनाची कल्पना तयार होती, पण गोल आणि सरळ सिलिंडर कोणाला पाडता येत नव्हता. जॉन विल्किन्सन हा तोफा बनवणारा माणूस. 1775 च्या सुमारास त्यानं दोन्ही टोकांना आधार दिलेल्या बोअरिंग बारवर, म्हणजे भोक कापणाऱ्या दांड्यावर, सिलिंडर पाडून दिले. पन्नास इंच व्यासाच्या सिलिंडरमध्ये जुन्या शिलिंगच्या जाडीएवढीही चूक नाही, असं वॅटचा भागीदार बोल्टन यानं कौतुकानं लिहून ठेवलंय. नाण्याची जाडी हे तेव्हाचं अचूकपणाचं माप! आज कोणी शिलिंगभर टॉलरन्सचा, म्हणजे तेवढी चूक चालवून घेतलेला, सिलिंडर आणून दिला तर दारातूनच परत जाईल.

खरी उडी पडली ती स्क्रूमुळे. लंडनच्या हेन्री मॉडस्लेनं 1800 च्या आसपास संपूर्ण लोखंडी बांध्याचा, लीडस्क्रूवर चालणारा, आटे पाडणारा लेथ (जॉब फिरवून कापणारं यंत्र) उभा केला. तोवर टूल हातात धरून काम चाले. आता टूल स्लाइडवर घट्ट बसलं आणि स्लाइड स्क्रूनं चालू लागली. म्हणजे टर्नरच्या, म्हणजे लेथ चालवणाऱ्याच्या, मनगटातला काही भाग यंत्रात गेला, तो तेव्हाच. कॉम्प्युटर यायला अजून दीडशे वर्षं होती. चांगल्या स्क्रूचा दुसरा उपयोगही मॉडस्लेनं ओळखला. त्यानं आपल्या टेबलावर स्क्रूवर चालणारा एक मायक्रोमीटर ठेवला आणि त्याला नाव दिलं ‘लॉर्ड चॅन्सेलर’. कामगारांत मापावरून वाद झाला की शेवटचा निकाल तिथे.

इथून पुढची सगळी साखळी स्क्रूचीच आहे. मेट्रिक मायक्रोमीटरच्या स्क्रूचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि थिंबलवर, म्हणजे फिरवायच्या नळीवर, पन्नास रेघा. एक रेघ म्हणजे शंभरांश मिलिमीटर. लेथच्या क्रॉस स्लाइडवरची डायल हीच कल्पना वापरते. सीएनसीत हँडलच्या जागी सर्व्हो मोटर आली आणि साध्या स्क्रूच्या जागी बॉल स्क्रू. साध्या स्क्रूत बॅकलॅश, म्हणजे स्क्रू आणि नट यांमधली ढिलाई, असतो, म्हणून जुना टर्नर हँडल जास्त फिरलं तर नुसतं तेवढंच मागे घेत नाही. चांगलं अर्धा फेरा मागे जातो आणि पुन्हा त्याच बाजूनं पुढे येत रेघेवर थांबतो. सीएनसीत बॉल स्क्रूला आधीच ताण देऊन ठेवलेला असतो, आणि तरीही उरणारा बॅकलॅश कंट्रोलमध्ये आकडा भरून भरपाई करतात. युक्ती तीच, टर्नरच्या सवयीतून उठली आणि पॅरामीटरच्या पानावर जाऊन बसली.

मॉडस्लेच्या हाताखाली तयार झालेला जोसेफ व्हिटवर्थ यानं सपाटपणाचा प्रश्न सोडवायची पद्धत जगापुढे ठेवली. खरंच सपाट पृष्ठभाग बनवायचा, तर ताडून पाहायला आधी एक सपाट पृष्ठभाग लागणार. मग पहिला कुठून आणायचा? उत्तर असं, की तीन प्लेट घ्यायच्या. दोनच घेतल्या तर एक किंचित फुगीर आणि दुसरी तितकीच खोलगट होऊनही त्या एकमेकींवर नीट बसतात. तिसरी आली की ही लबाडी चालत नाही. निळा रंग लावून आळीपाळीनं जोड्या ताडायच्या, जिथे रंग उठेल तेवढाच उंचवटा हातातल्या स्क्रेपरनं खरवडायचा. तिघी कोणत्याही जोडीत जुळल्या की तिन्ही सपाट. हे त्यानं 1840 मध्ये ग्लासगोला ब्रिटिश असोसिएशनपुढे मांडलं. पुढच्याच वर्षी निरनिराळ्या कारखान्यांतले बोल्ट जमवून त्यांच्या सरासरीवरून 55 अंशांच्या आट्याचं मानक सुचवलं. सरफेस प्लेट ही यंत्रानं यंत्राला दिलेली देणगी नाही, ती माणसाच्या हातानं खरवडलेली आहे. आणि तिच्याशिवाय पुढचं कुठलंच यंत्र सरळ झालं नसतं, कॉम्प्युटरचंसुद्धा.

तरी रोजच्या मापासाठी बराच काळ कॅलिपर आणि बोटाची जाणीव यांवरच भागत होतं. इनसाइड कॅलिपर (आतलं माप घेणारा दोन पायांचा मापक) बोअरमध्ये, म्हणजे भोकात, हळूच झुलवायचा, टोक धातूला नुसतं चाटून जाईल असा सेट करायचा, मग ती जाणीव बोटात तशीच धरून मायक्रोमीटरच्या तोंडात लावायची. सरावलेला माणूस असं माप शंभरांश दोन शंभरांशात आणतो. मात्र तो स्पर्श दुसऱ्याला सांगता येत नाही, लिहून तर नाहीच.

पॅरिसच्या झां लोराँ पामेरनं 1848 मध्ये हातात मावणाऱ्या स्क्रू कॅलिपरचं पेटंट घेतलं. अमेरिकेच्या ब्राउन अँड शार्पच्या मालकांना तो 1867 च्या पॅरिस प्रदर्शनात दिसला आणि पुढे त्यांनी तो कारखान्या-कारखान्यांत पोचवला. नंतर त्याला रॅचेट लागला. रॅचेटचं काम एवढंच की स्क्रू किती दाबायचा हे बोटावर सोडायचं नाही. टक्-टक् आवाज आला की थांबायचं. कारागिराच्या स्पर्शाला नियम लावायचा हा आणखी एक प्रयत्न, आणि बऱ्यापैकी यशस्वी. तरीही घाईत थिंबल धरूनच गर्रकन आवळणारे आपल्याकडे कमी नाहीत.

या साखळीतला मला सगळ्यात आवडणारा माणूस म्हणजे स्वीडनचा कार्ल एडवर्ड योहान्सन. एस्किलस्टुनाच्या सरकारी रायफल कारखान्यात तो नोकरीला. बंदुकीच्या प्रत्येक भागाच्या प्रत्येक मापाला वेगळा गेज ठेवायचा म्हणजे कपाटंच्या कपाटं भरणार. 1896 मध्ये त्याला सुचलं की 102 ठोकळ्यांचा एक नेमका संच केला, तर त्यांच्या जोडण्यांतून 1 ते 201 मिलिमीटरमधलं कोणतंही माप शंभरांशाच्या टप्प्यानं उभं करता येतं. सुरुवातीचे ठोकळे त्यानं घरीच घासले. त्यासाठी बायकोच्या शिलाई मशीनचं घासायचं यंत्र केलं. आज क्वालिटी रूममध्ये मखमलीच्या खाचांत बसलेला स्लिप गेजचा डबा तो हाच. दोन ठोकळे पुसून, एकावर एक सरकवून किंचित पिळले की चुंबक नसताना चिकटतात. पहिल्यांदा पाहणाऱ्या अॅप्रेंटिसचा चेहरा बघण्यासारखा होतो.

आपल्याकडे ही सगळी परंपरा तयार अवस्थेत आली. मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आधी बेळगावात आणि 1910 पासून औंध संस्थानातल्या किर्लोस्करवाडीत लोखंडी नांगर, कडबा कापायची यंत्रं यांचं काम वाढवलं. त्याच घराण्याच्या म्हैसूर किर्लोस्करनं 1941 पासून हरिहरला लेथ बनवायला घेतले. 1953 मध्ये बंगळुरूला सरकारी मशीन टूल कंपनी एचएमटी उभी राहिली; तिचे एलबी-17, एनएच-22 लेथ अजून कित्येक शेडमध्ये चालू आहेत. 1966 मध्ये टाटांची ट्रक कंपनी टेल्को पिंपरीला आली तेव्हा सुमंत मुळगावकरांनी ट्रकच्या आधी मशीन टूल आणि प्रशिक्षण यांवर भर दिला. पिंपरी-चिंचवडमध्ये पुढे ज्यांनी स्वतःच्या शेड टाकल्या, त्यांतले बरेच अशा मोठ्या कारखान्यांतल्या अॅप्रेंटिसशिपमधून निघालेले.

मापांचा गोंधळ मात्र पुरेपूर होता. बांधकामाचा मिस्त्री सुतात (इंचाचा आठवा भाग) बोलायचा, टर्नर थाऊमध्ये (इंचाचा हजारावा भाग), आणि 1956 च्या कायद्यानंतर ड्रॉइंग हळूहळू मिलिमीटरमध्ये येऊ लागली. लेथचा लीडस्क्रू इंचाचा आणि आटे पाडायचे मेट्रिक, असा प्रसंग रोजचा. त्याला उपाय 127 दात्यांचा चेंज गिअर. इंच म्हणजे 25.4 मिलिमीटर आणि 25.4 ची पाचपट बरोबर 127. त्यामुळे हा एक गिअर लेथच्या गिअरच्या साखळीत घातला की इंचाच्या स्क्रूवर खरा मेट्रिक आटा निघतो. ही गणितं पाठ असणारा माणूस शेडमध्ये भाव खाऊन असायचा. आज फॅनुक कंपनीच्या सीएनसी कंट्रोलवर जी-76 या हुकमाच्या दोन ओळींत आटा पडतो. पिच दीड असो की इंचाला अकरा आटे, मशीनला दोन्ही सारखेच.

या जी-कोडचा, म्हणजे मशीनला आकड्यांत हुकूम देण्याच्या पद्धतीचा, उगम अमेरिकेत, मिशिगन राज्यातल्या ट्रॅव्हर्स सिटीत. जॉन पार्सन्सचा कारखाना हेलिकॉप्टरच्या रोटरची पाती बनवायचा. पात्याच्या वक्राचे टेम्प्लेट अचूक हवे होते. त्याचा इंजिनिअर फ्रँक स्टुलेन यानं हिशेबाच्या पंचकार्ड यंत्रावर वक्रावरचे शेकडो बिंदू काढले. मग मिलिंग मशीनवर एक माणूस एका हँडलला, दुसरा दुसऱ्या हँडलला, आणि तिसरा कागदावरचे आकडे मोठ्यानं वाचणार. आकडा ऐकायचा, हँडल तिथे न्यायचं, भोक पाडायचं, पुढचा आकडा. एकदा हे दृश्य डोळ्यांपुढे आणलं की पुढची पायरी कोणालाही सुचावी: वाचणारा आणि फिरवणारे, दोघांनाही काढून टाकायचं. 1949 मध्ये अमेरिकी हवाई दलानं पैसे दिले, काम एमआयटीच्या सर्व्होमेकॅनिझम्स लॅबोरेटरीत गेलं आणि 1952 मध्ये सिनसिनाटी हायड्रोटेल मिलिंग मशीन भोकं पाडलेल्या कागदी टेपवर तीन अक्षांत चालून दाखवली.

त्याच सुमारास जनरल इलेक्ट्रिकमध्ये दुसरा एक मार्ग अजमावला गेला होता. कसबी मशिनिस्टनं एकदा जॉब करायचा, त्याच्या सगळ्या हालचाली चुंबकीय टेपवर घ्यायच्या आणि मशीननं त्या पुन्हा करायच्या. हा मार्ग मागे पडला. कारखान्याच्या मालकांना कसब टर्नरच्या हातून काढून ऑफिसात न्यायचं होतं म्हणून, असं काही अभ्यासक म्हणतात. त्यात तथ्य असेल. पण विमानाच्या पंखातले वक्र हातानं एकदासुद्धा नीट कापता येत नव्हते, आणि जे एकदाही झालं नाही त्याची टेप कशाची करणार? मला हे कारण जास्त वजनदार वाटतं.

पुढे मायक्रोप्रोसेसर आला, टेप गेली. भारतात बंद अर्थव्यवस्थेत ही यंत्रं मोजक्याच जागी होती. 1991 नंतर गाड्यांच्या सुट्या भागांची मागणी वाढली आणि बंगळुरू, कोइम्बतूर, राजकोटच्या सीएनसी लेथ चाकण, भोसरी, शिरोलीच्या शेडमध्ये कर्ज काढून येऊ लागल्या.

कापायचं कसब तिथे खरंच पातळ झालं. फीड, कटची खोली, टूल कधी मागे घ्यायचं, हे प्रोग्रॅमर ठरवतो. ऑपरेटर जॉब लावतो, दार बंद करतो, बटण दाबतो. पण 40 मिलिमीटरच्या, एच-6 या टॉलरन्सच्या शाफ्टचं उदाहरण घ्या. माप 39.984 ते 40.000 च्या आत हवं, म्हणजे मोकळीक फक्त सोळा मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). सकाळी जॉब 39.992 ला निघत होते. इन्सर्ट, म्हणजे टूलची बदलता येणारी धार, झिजत गेला तसा व्यास वाढत 39.998 ला आला. अजून जॉब पास आहे, पण शहाणा ऑपरेटर इथेच स्क्रीनवरच्या वेअर ऑफसेटच्या, म्हणजे झिजेच्या भरपाईच्या, पानावर उणे 0.006 घालतो. नवखा थांबतो, आणि पुढचे जॉब जाड निघतात. शिवाय जॉब नुकताच चकमधून काढलेला, गरम. मायक्रोमीटरपेक्षा तो वीस अंशांनी जास्त तापलेला असेल तर 40 मिलिमीटरच्या पोलादात नऊ मायक्रॉनच्या वर फरक पडतो, निम्म्याहून जास्त टॉलरन्स तिथेच गेला. म्हणून घाईत गरम जॉब मोजून घातलेला ऑफसेट थंड झाल्यावर अंगाशी येतो.

मग मशीनलाच मोजायला का लावू नये? लावतातही. रोल्स-रॉइसमध्ये कॉन्कॉर्डच्या इंजिनाचे पाइप मोजण्यासाठी डेव्हिड मॅकमर्ट्री यांनी स्पर्शानं माप घेणारा टच प्रोब शोधला, 1973 मध्ये त्यातून रेनिशॉ कंपनी निघाली, आणि आज तसा प्रोब व्हीएमसीच्या (उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मिलिंग मशीनच्या) स्पिंडलमध्येच बसतो. जॉब उलटा लागला का, शून्य कुठे धरायचं, यासाठी तो बिनतोड. पण त्या प्रोबला फिरवतात तेच अक्ष, ज्यांनी जॉब कापला. अक्षातच चूक असेल तर कापतानाची चूक मोजताना दिसत नाही. विद्यार्थ्यानं स्वतःचाच पेपर तपासावा तसा प्रकार. म्हणून शेवटचं माप वेगळ्या साधनानं घ्यायचा रिवाज सुटलेला नाही.

आणि त्या साधनालाही कोणीतरी तपासावं लागतं. शॉप फ्लोअरचा मायक्रोमीटर स्लिप गेजवर ताडतात, स्लिप गेज एनएबीएल या प्रयोगशाळा तपासणाऱ्या संस्थेची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत जातात, आणि तिथली मानकं दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेशी बांधलेली असतात. 1983 पासून मीटरची व्याख्या प्रकाशाच्या वेगावर आहे. ग्राहक कंपनीचा ऑडिटर शेडमध्ये आला की नव्या व्हीएमसीसमोर घटकाभर उभा राहतो खरा, पण फाइल मागतो ती कॅलिब्रेशनची. मायक्रोमीटरवरचा नंबर सर्टिफिकेटशी जुळवतो, मुदत बघतो, आणि मुदत उलटली असेल तर त्या मायक्रोमीटरनं पास केलेल्या मालाबद्दल प्रश्न विचारायला सुरुवात करतो.