लाँगलीफ पाईन आणि 'हार्ट पाईन' लाकूड

लाँगलीफ पाईन हे अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या रेताड, सपाट जमिनीवरचं झाड, शास्त्रीय नाव पायनस पालुस्ट्रिस. सुया तीन-तीनच्या जुडग्यात आणि चांगल्या ४५ सेंटीमीटरपर्यंत लांब, नाव त्यावरूनच पडलंय. युरोपियन लोक आले तेव्हा याचं जंगल व्हर्जिनियापासून पार पूर्व टेक्सासपर्यंत होतं, अंदाजे ९ कोटी एकर, म्हणजे अख्खा महाराष्ट्र आत बसवला तरी वर जागा उरली असती. १९९० च्या दशकात त्यातलं साधारण ३० लाख एकर राहिलं होतं. आणि कधीच तोड न झालेलं जुनं जंगल विचाराल तर १२ हजार एकरच्या आसपास, तेही इथे एक तुकडा तिथे एक तुकडा.

आपल्याकडे पाईन म्हटलं की पॅकिंगच्या खोक्यांचं ते पांढरट हलकं लाकूड आठवतं, त्यामुळे पाईनसाठी लोक नदीच्या तळात ओंडके शोधत फिरतात हे ऐकून गंमत वाटेल. पण जुन्या लाँगलीफचं लाकूड ही वेगळीच चीज आहे. हे झाड ३०० वर्षं सहज जगतं, वाढतं अगदी सावकाश, त्यामुळे वार्षिक वलयं इतकी दाट की जुन्या तुळईच्या एका इंचात वीस-तीससुद्धा सापडतात, आणि आतला लालसर गाभा राळेने भरलेला, त्याला वाळवी आणि कुज लवकर लागत नाही. या गाभ्यालाच तिकडे हार्ट पाईन म्हणतात. जहाजं, पूल, कापड गिरण्यांच्या तुळया, घरातल्या जमिनी, सगळीकडे हेच वापरलं.

आता हे जंगल टिकायचं कसं, तर आगीवर. आपल्याला वणवा म्हणजे नुकसानच वाटतं, पण इथे दर दोन-चार वर्षांनी विजेमुळे नाहीतर तिथल्या आदिवासींनी लावल्यामुळे गवत पेटायचं, आग जमिनीलगत पळत जायची आणि ओकसारखी दुसरी झाडं डोकं वर काढायच्या आधीच साफ व्हायची. लाँगलीफचं रोप मात्र पहिली काही वर्षं नुसतं गवताच्या झुबक्यासारखं बसून राहतं, वर काहीच वाढ नाही, खाली मूळ खोल जातंय, कोंब सुयांच्या दाट गुच्छात सुरक्षित, आणि मग एकदम उंच सुटतं. झाडं विरळ असल्यामुळे खाली भरपूर ऊन, त्यामुळे चांगल्या जागी एका चौरस मीटरमध्ये ४० पर्यंत जातींच्या वनस्पती मिळतात.

ऱ्हासाची सुरुवात लाकडापासून नाही, राळेपासून झाली. लाकडी जहाजांच्या फटी बुजवायला डांबर लागायचं, ते पाईनपासून काढायचे, नॉर्थ कॅरोलिनाच्या लोकांना 'टार हील' म्हणजे डांबरी टाचेचे म्हणतात ते त्यामुळेच. पुढे टर्पेंटाइनसाठी झाडाच्या बुंध्यातच खोल खळगा कोरून त्यात राळ गोळा करायची पद्धत आली, त्याने झाडं कमजोर होऊन वाऱ्याने पडायची किंवा आगीत जायची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चार्ल्स हर्टी नावाच्या केमिस्टने खळग्याऐवजी बाहेरून कप लावायची पद्धत आणली, पण तोवर खूप जंगल संपलं होतं. हे काम करणारे मजूर बहुतेक कृष्णवर्णीय, कर्जात अडकवलेले, काही तर भाड्याने दिलेले कैदी. फ्लोरिडात ही कैदी भाड्याने द्यायची पद्धत १९२३ मध्ये बंद झाली.

खरा घाव घातला रेल्वेने. १८८० नंतर रूळ थेट जंगलात गेले, वाफेच्या यंत्रांनी ओंडके ओढून आणताना वाटेतली लहान रोपंही चिरडली गेली. लुइझियानातल्या बोगालुसाची मोठी सॉमिल १९०८ मध्ये सुरू झाली आणि १९३८ मध्ये लाकूडच संपलं म्हणून बंद पडली, फक्त तीस वर्षांत. बाकीच्या कंपन्यांनीही हेच केलं, एक भाग साफ करायचा की पुढचा.

तोडलेलं जंगल परत का आलं नाही, हा प्रश्न मला जास्त इंटरेस्टिंग वाटतो. एक म्हणजे मोकाट डुकरं, यांना रोपांची गोडसर जाड मुळं फार आवडतात. दुसरं म्हणजे आग विझवायचं सरकारी वेड, १९२८ पासून तर गाड्या घेऊन गावोगाव सिनेमे दाखवून लोकांना जंगल पेटवू नका सांगत फिरले, हेतू चांगला होता पण लाँगलीफला तेच मारक ठरलं. आणि तिसरं, लॉब्लॉली आणि स्लॅश या पाईनच्याच दुसऱ्या जाती लवकर वाढतात, पंचवीस-तीस वर्षांत तोडायला तयार, मग लाँगलीफसाठी कोण थांबणार? त्यामुळे कागदोपत्री दक्षिणेत पाईनची कमी नाही, पण त्या लागवडीत ना तो गाभा ना खालचं ते गवत.

जे वाचलं ते बरंचसं अनपेक्षित लोकांमुळे. जॉर्जियात थॉमसव्हिलच्या आसपास श्रीमंतांच्या बटेर-शिकारीच्या इस्टेटी होत्या, बटेरांना मोकळं गवत लागतं म्हणून तिथे जाळणं चालू राहिलं. फ्लोरिडातल्या एग्लिन हवाई तळावर जुन्या लाँगलीफचा मोठा साठा आहे, आणि तिथे बॉम्बच्या सरावानेच आगी लागत राहिल्या! नराच्या डोक्याशी बारीकशी लाल रेघ असलेला एक सुतारपक्षी जिवंत म्हाताऱ्या पाईनमध्येच घर कोरतो, त्याला १९७० मध्ये संकटग्रस्त ठरवलं. कोरलेली जुनी झाडं वादळात पडली की आता माणसं लाकडी पेट्या झाडात बसवून देतात. २०२४ मध्ये त्याचा दर्जा एक पायरी सुधारला. २००९ पासून सरकारी-खाजगी मिळून लागवडीचा मोठा कार्यक्रमही चालू आहे, क्षेत्र ५० लाख एकराच्या आसपास गेलंय, पण ही झाडं अजून पोरं आहेत.

म्हणून बाजारात खरं हार्ट पाईन आता दोनच ठिकाणाहून येतं. एक, पाडलेल्या गिरण्या आणि गोदामांच्या तुळया, आपल्याकडे जुने वाडे पाडल्यावर सागवान विकतात अगदी तसंच. खिळे काढायचे, मग फळ्या पाडायच्या, खिळ्यांची काळी भोकं मुद्दाम तशीच ठेवतात कारण त्यालाच गिऱ्हाईक आहे. दुसरं म्हणजे नद्यांचे तळ. शंभर वर्षांपूर्वी ओंडके पाण्यातून वाहून न्यायचे, त्यातले सगळ्यात जड, राळेने भरलेले, म्हणजेच सगळ्यात चांगले ओंडके बुडाले. फ्लोरिडात आज ते काढायला परवाना लागतो.