पिवळेपणा सुरू कुठून झाला?

पान पिवळं पडलं की हात आधी फवारणीच्या पंपाकडे जातो. जरा थांबा. नत्र कमी पडलं तरी पान पिवळं पडतं, पाणी साचून मुळं गुदमरली तरी पडतं आणि विषाणू शिरला तरी. नुसत्या रंगावरून रोग कळत नाही. पिवळेपणा सुरू कुठून झाला, हे आधी पाहायला हवं.

नत्राची चणचण भासली की झाड जुन्या पानांतलं नत्र काढून कोवळ्या शेंड्याला पुरवतं, म्हणून खालची पानं आधी पिवळी पडतात. लोह मात्र एकदा पानात बसलं की सहसा हलत नाही. ते कमी पडलं तर शेंड्याची पानं फिकटतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. इथे बुरशीनाशक मारणं म्हणजे पैसे आणि औषध दोन्ही वाया.

पान उलटून बघायची सवय मात्र लावाच. भुरी हा बुरशीचा रोग बहुधा वरच्या बाजूला पिठासारखा बसतो आणि बोटाने पुसला जातो. केवडा नावाच्या रोगात वरून नुसते पिवळट ठिपके दिसतात. खरी लव असते खाली, आणि सकाळी दव असताना ती भिंगातून छान दिसते. 1845 साली आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक करप्याने काळं पडलं, तेव्हा पानांखालची अशीच पांढरी लव अनेकांनी पाहिली होती. पण पान सडलं म्हणून ती आली, असा बऱ्याच जाणकारांचा समज होता. लव हेच कारण आहे, हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी 1861 मध्ये निरोगी झाडांना लागण करून दाखवलं. तोवर आयर्लंडात सुमारे दहा लाख माणसं भूक आणि साथींनी गेली होती.

माती ओली असूनही टोमॅटोचं हिरवंगार झाड मान टाकत असेल, तर बुंध्याजवळ खोडाचा तुकडा कापा आणि स्वच्छ पाण्याच्या ग्लासात तळाला न टेकता लटकवा. जिवाणूजन्य मर असेल तर काही मिनिटांत कापाच्या जागेतून दुधाळ धागे खाली उतरू लागतात. ते जिवाणूंचेच लोंढे. धागे नाहीत, पण खोड आतून तपकिरी झालंय, तर बुरशीजन्य मरेचा संशय घ्यावा. ग्लासातलं पाणी बागेत ओतू नका आणि कापलेली सुरी निर्जंतुक केल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावू नका.