कलाकृतिवर्णन

चित्र, मूर्ती वा वास्तू यांत प्रत्यक्ष जे दिसते त्याची अर्थनिर्णयापूर्वी केलेली शब्दबद्ध नोंद. माध्यम, मापे, रचना व झीज यांची नोंद आधी, ओळख नंतर आणि संशोधनप्रश्न त्यानंतर, असा क्रम सामान्यतः पाळला जातो. कलेतिहासकार एर्विन पॅनॉफ्स्की यांनी १९३९ मध्ये मांडलेल्या, कलाकृतीचा अर्थ लावण्याच्या त्रिस्तरीय पद्धतीचा पहिला स्तर हाच. भारतीय मूर्तींना मात्र तो तसाच्या तसा लावणे अवघड जाते. आयुधे ओळखल्यावाचून येथे वर्णनही पुरे होत नाही.

मूर्तिवर्णनात डावे-उजवे मूर्तीचे धरावे, पाहणाऱ्याचे नव्हे. चतुर्भुज विष्णूची आयुधे खालच्या उजव्या हातापासून वरचा उजवा, वरचा डावा, खालचा डावा अशा क्रमाने मोजतात. पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम आल्यास तो केशव (विष्णूच्या चोवीस रूपांपैकी एक). बाजूंची अदलाबदल झाली की गदा, चक्र, शंख, पद्म होऊन त्याचाच माधव हे दुसरे रूप होते. उलटे छापलेले छायाचित्रही एवढा घोटाळा करू शकते. नामांविषयी ग्रंथाग्रंथांत मतभेद असल्याने वर्णनात आधी क्रम लिहून नाव नंतर देणे बरे.

वर्णनातून प्रश्न कसे निघतात हे पुण्यात सोमवार पेठेतील त्रिशुंड गणपती मंदिरात चांगले दिसते. बांधकाम १७५४ मध्ये सुरू होऊन १७७० च्या सुमारास पुरे झाले, असे मानतात. काळ्या पाषाणातील दर्शनी भागावर गेंड्याला साखळीने जखडणारे शिपाई कोरलेले आहेत. वर्णन येथे संपते. गेंडा म्हणजे बंगाल व आसाम आणि शिपाई म्हणजे इंग्रज, म्हणून हे प्लासीनंतरच्या (१७५७) इंग्रजी सत्तेचे रूपक, हा पुढचा अर्थ. तो लोकप्रिय आहे, पण आसाम इंग्रजांकडे गेले १८२६ मध्ये. तेव्हा आसामचा भाग सोडावा लागतो. बंगालचा अर्थ टिकू शकतो, मात्र दर्शनी भाग १७५७ नंतर घडला असेल तरच. म्हणून ‘याचा अर्थ काय’ यापेक्षा ‘हा भाग बांधकामाच्या कोणत्या टप्प्यात घडला’ आणि ‘शिल्पीने गेंडा पाहिला होता की चित्रावरून घेतला’ हे प्रश्न अधिक उपयोगी ठरतात. दुसऱ्या प्रश्नासाठी कातडीच्या घड्या, शिंग व खुरे बारकाईने नोंदवावी लागतात.

गाभाऱ्यातील मूर्ती त्रिशुंड व मयूरारूढ गणपतीची. तेथील संस्कृत शिलालेखात मात्र रामेश्वराचा उल्लेख येतो. मूळ संकल्प शिवमंदिराचा होता का, हा प्रश्न या विसंगतीतून निघतो. मागील भिंतीवरील लिंगोद्भवाचे (लिंगातून प्रकटणाऱ्या शिवाचे) शिल्प त्या बाजूने जाते.

जंगली महाराज रस्त्यावरील पाताळेश्वर लेणे (सामान्यतः आठवे शतक) अपुरे राहिलेले असल्याने तेथे घडवण्याची प्रक्रियाच वर्णनाचा विषय होते. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यातील भित्तिचित्रे फार पुसट झाली आहेत. काय दिसते आणि उरलेल्या रेषांवरून काय जुळवले, हे तेथे वेगवेगळे लिहावे लागते.